काजळी वाचायची की नुसती खरवडायची?

"काळा धूर टाकते ना? मग कार्बन बसलाय. डिकार्बन करून घ्या, कार्बोरेटर ट्यून करून घ्या, नवी होईल गाडी!"

जुन्या गाडीच्या मालकाला आज गोव्यात कुठल्याही गॅरेजात हे वाक्य ऐकायला मिळते, आणि तेही बॉनेट उघडायच्या आधी. नाडी न बघता, जीभ न बघता दारातूनच "पित्त आहे, ही घ्या पुडी" म्हणणाऱ्या वैद्याला आपण दुसऱ्यांदा पायरी चढू देणार नाही. पण गाडीच्या बाबतीत आपण पुडीही घेतो आणि वर दोन माणसांना त्या वैद्याचे नावही सुचवतो. या प्रकाराविषयी मला आज जरा कडकच लिहायचे आहे. जुन्या इंजिनात साठलेली काजळी हे लक्षण आहे. ते कशाचे, हे न शोधता ती खरवडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. आणि आपल्याकडच्या निम्म्याअधिक काजळीला जबाबदार कार्बोरेटर नसतो. आपण गाडी कशी वागवतो, ते असते.

सांस्कृतिक लिखाणात हे इंजिन कुठून आले, असे काहींना वाटेल. वाटू दे. गोव्याच्या जुन्या घरांवर, तुळशी वृंदावनांवर, घुमटावर, दशावतारावर आपण भरभरून लिहितो. पण १९६१ पूर्वी मुरगाव बंदरात उतरलेल्या गाड्या आणि त्या चालत्या ठेवणारे हात यांच्यावर कोण लिहितो? सीमेपलीकडे भारतात आयातीवर कडक निर्बंध होते; ठरावीक दोन-तीन गाड्यांतूनच निवड करायची आणि त्याही नंबर लावून. इकडे खाणींचा पैसा नुकताच खुळखुळू लागलेला, आणि मॉरिस, ऑस्टिन, फियाट, ओपेल, फोक्सवॅगन, शिवाय टॅक्सीसाठी मर्सिडीज १८० डी अशी सगळी पंगत बसलेली. (मर्सिडीज डिझेलवर चालणारी. तिला कार्बोरेटरही नाही आणि स्पार्क प्लगही नाही, म्हणून तिला या लेखातून रजा.) या गाड्यांबरोबर पुस्तके आली ती परक्या भाषांतली. ती न वाचता, हाताने आणि कानाने इंजिन शिकलेली माणसे गावोगाव तयार झाली. त्यांना आपण मेस्त्री म्हणतो आणि हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'मेस्त्र'वरूनच आलेला, म्हणजे गुरू, उस्ताद. तानपुऱ्याच्या भोपळ्याची नक्षी बघून वाहवा करायची आणि जवारी काढणाऱ्याचे नाव विचारायचे नाही, असे आपण गाण्याच्या बाबतीत करत नाही. गाडीच्या बाबतीत सर्रास करतो.

असो. मुद्द्यावर येऊ. काजळी होते कशी?

समईची वात जास्त वर काढली की ज्योत लाल होते, लांब होते आणि भिंतीला काळे लागते. तेल जास्त, हवा कमी. इंजिनाचेही तेच. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोलमधला कार्बन अर्धवट राहतो आणि काजळी होऊन प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर बसतो. हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग इंजिन ऑइलचा. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हचे गाइड ढिले झाले की ऑइल वर चढते, जळते आणि डांबरासारखा चिकट, पुढे दगडासारखा कडक थर बसतो. तिसरा मार्ग थंडपणाचा. इंजिन नीट तापलेच नाही तर पेट्रोल भिंतींवर ओले राहते आणि मिश्रण कितीही बरोबर असले तरी काजळी धरतेच. या तिन्ही काजळ्या दिसतात वेगळ्या, त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. "कार्बन बसलाय" या दोन शब्दांत तिन्ही कोंबणारा माणूस अजून काही सांगतच नसतो.

वेगळ्या कशा ओळखायच्या? प्लग काढून. पण तेही गॅरेजात दहा मिनिटे स्लोवर गुरगुरणाऱ्या गाडीचे नव्हे. स्लोवर कुठल्याही जुन्या इंजिनाचे प्लग काळेच निघतात. गाडी चांगली तापवावी, मोकळ्या सरळ रस्त्यावर काही किलोमीटर एका वेगाने चालवावी, मग क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद करावी, कडेला घ्यावी आणि तिथेच चारही प्लग काढून ओळीने मांडावेत. कोरडी, मखमलीसारखी, बोटाने पुसली जाणारी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, किंवा ठिणगी अशक्त. ओली, तेलकट, चकचकीत काळी म्हणजे ऑइल. पांढरट, भाजल्यासारखा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, आणि हे काळ्यापेक्षा जास्त धोक्याचे. बिस्किटाच्या रंगाचा प्लग निघाला तर मुकाट्याने परत लावावा आणि घरी जावे.

आणि चारही बघावेत, एक बघून निकाल देऊ नये. मॉरिस मायनर १००० चे ९४८ सीसीचे इंजिन घ्या. याच्या हेडमध्ये चार सिलिंडरना पेट्रोल-हवा आत घ्यायची तोंडे दोनच आहेत. पहिल्या-दुसऱ्याला मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. चारही प्लग सारखे काळे असतील तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीकडे वळा, म्हणजे कार्बोरेटर, चोक, एअर फिल्टर. पहिला-दुसरा एका रंगाचे आणि तिसरा-चौथा दुसऱ्या रंगाचे असतील तर मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासा. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरची रिंग, व्हॉल्व्ह, नाहीतर प्लगची वायर. एका काळ्या प्लगसाठी कार्बोरेटर फिरवणे म्हणजे घरातल्या एकाला ताप आला म्हणून सगळ्यांना लंघन घालणे.

याच्याही आधीची पायरी आहे आणि तीच सगळे गाळतात. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी टॅपेट (या इंजिनात ०.०१२ इंच), पॉइंट (०.०१५ इंच), प्लगची फट (०.०२५ इंच) आणि टायमिंग बरोबर करून घ्यायचे. कंडेन्सर मेला असेल, ठिणगी पिवळी पडत असेल, तर आलेले पेट्रोल जळत नाही आणि प्लग काळा होतो. मग मालक म्हणतो, "पेट्रोल जास्त मारते." पेट्रोल बिचारे बरोबर असते. जुने मेस्त्री कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावत. आताचे लोक सुरुवातच तिथून करतात, कारण तो वर असतो, दिसतो आणि त्याला फिरवण्यासारखे काहीतरी असते.

माझ्या एका स्नेह्यांच्या १९५७ च्या मॉरिस मायनरची कथा सांगतो. गाडी काळा धूर टाकायची, पेट्रोल प्यायची. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात तिला आधी डिकार्बनची बाटली पाजली गेली. मग नवे प्लग. मग कार्बोरेटरखालचा नट वर-वर फिरवून 'मिश्रण पातळ' केले गेले. धूर तसाच. शेवटी "कार्बोरेटरच गेलाय" असे सांगून दुसरा कार्बोरेटर बसवला आणि त्याचे भरपूर पैसे घेतले. धूर तसाच! सहा महिने गेले. मग ते मला घेऊन फोंड्याकडच्या एका मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री सत्तरी ओलांडलेले, हल्ली काम करत नाहीत, व्हरांड्यात बसलेले असतात. स्नेह्यांनी सहा महिन्यांचे पुराण सुरू केले तसे ते उठले आणि म्हणाले, "पात्रांव, पयलीं प्लग काडया, मागीर उलोवया."

चारही प्लग कोरडे काळे. मेस्त्री वाकले, कार्बोरेटरच्या खाली बोट घातले आणि जेटची दांडी वर ढकलली. जेट अजून जवळजवळ तीन मिलिमीटर वर गेला. झाले निदान.

यातली खोच कळायला एसयू कार्बोरेटर थोडा समजून घ्यावा लागतो. इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंची ही करामत. त्यांचे घराणे जोडे विकणारे, आणि पहिल्या एसयूत भाता होता तोही चामड्याचा! पुढे भात्याच्या जागी पिस्टन आला. यात स्लोचा वेगळा, वेगाचा वेगळा असे जेट नसतात. जेट एकच. त्यात एक निमुळती सुई वर-खाली होते, आणि इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन सुईला घेऊन वर जातो. चोक ओढला की चक्क जेटच खाली ओढला जातो, म्हणजे सुईभोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येते. चोक आत ढकलला की जेट वर येऊन त्या नटावर टेकायला हवा. या गाडीत चोकची केबल खाऱ्या हवेने आतून गंजलेली आणि परतीची स्प्रिंग ताणून सैल झालेली. गाडी कायम अर्ध्या चोकवर चालत होती! नट कितीही वर फिरवला तरी जेट त्याच्यावर टेकतच नव्हता, मग मिश्रण पातळ होणार कसे? आणि नवा कार्बोरेटर बसवला तोही त्याच गंजक्या केबलला जोडून. एक स्प्रिंग आणि एक केबल, एवढाच आजार होता.

स्क्रू आधी फिरवण्याने आणखी एक नुकसान होते, ते याहून लबाड. थ्रॉटलचा दांडा जिथे कार्बोरेटरच्या अंगात फिरतो तिथे पन्नास-साठ वर्षांत झिजून भोक मोठे होते. तिथून चोरटी हवा आत शिरते. स्लोवर हवा मुळात थोडी, त्यामुळे ही चोरटी हवा तिथे फार जाणवते. इंजिन अडखळते, बंद पडते. गॅरेजवाला नट खाली फिरवून पेट्रोल वाढवतो. स्लो सुंदर लागतो, मालक खूश होऊन पैसे देतो. पण जेट एकच ना! आता रस्त्यावर सगळ्याच वेगांत पेट्रोल जास्त. तीन महिन्यांत काजळी. मग "कार्बन बसलाय"! वास्तविक दांड्याच्या टोकांना ब्रशने थोडे ऑइल लावून बघितले असते तर त्याच क्षणी आवाज बदलून चोरी उघडी पडली असती. पिस्टनच्या वरच्या डबीतले ऑइल आटले की असाच घोटाळा. अॅक्सिलरेटर दाबला की गाडी गचका खाते, आणि चमचाभर ऑइलऐवजी नट फिरवला जातो.

मिश्रण बरोबर आहे का हे एसयू स्वतःच सांगतो. गरम इंजिन स्लोवर ठेवून पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. त्यासाठी पिन असते, नसेल तर पातळ स्क्रूड्रायव्हर चालतो. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. लगेच पडू लागला तर पेट्रोल कमी. किंचित वाढून पुन्हा स्थिर झाला तर बरोबर. यंत्र लागत नाही, कान लागतो. इंजिन बंद करून पिस्टन पूर्ण उचलून सोडला की तो खाली 'टक्' असा स्वच्छ वाजला पाहिजे. वाजला नाही तर तो अडकतो आहे किंवा जेट मध्यावर नाही, आणि तोवर बाकीचे सगळे ट्युनिंग व्यर्थ.

मग खराखुरा कार्बन, जो काढलाच पाहिजे, तो कधी असतो? असतो ना! दहनकक्षात जाड थर बसला की तिथली जागा कमी होते, दाब वाढतो, थराचे कंगोरे निखाऱ्यासारखे लाल होतात. घाट चढताना इंजिन खडखडते, आणि चावी बंद केल्यावरही भुर्र भुर्र करत राहते. अशा वेळी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. नेहमीपेक्षा जास्त आला तर थर आहे. कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. एवढे झाल्यावरच हेड उघडायचे. खरवडायला लाकूड किंवा पितळ, पोलाद कधीही नाही, कारण पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो. आणि सिलिंडर झिजलेला असेल तर पिस्टनच्या कडेची काजळीची बारीक गोल रेघ मुद्दाम ठेवायची, ती ऑइलला अडवते. सगळे चकाचक करणाऱ्या उत्साही पोरांना हे कोणी सांगत नाही, आणि मग डिकार्बन केल्यावर गाडी निळा धूर टाकू लागली की पुन्हा आश्चर्य! हेड बसवताना नट मधून बाहेर अशा क्रमाने, ४० पौंड-फुटांपर्यंत. यात जादू काही नाही, एका दिवसाचे शांत काम आहे.

बाटल्यांबद्दल एवढेच म्हणतो की कार्बोरेटरच्या आतला पेट्रोलचा चिकटा त्या काढतात, त्याला माझी ना नाही. पण दगडासारखा थर बाटलीने विरघळून नाहीसा होत नाही. त्याचे तुकडे सुटतात आणि एखादा एग्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकला की नवीन दुखणे.

इथे जुन्या मेस्त्रींची बाजू घेताना एक गोष्ट त्यांनाही सांगायला हवी. पेट्रोल तेच राहिलेले नाही. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाच्या काळात प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी फिकट करडा लेप यायचा. आता सायलेन्सरचे तोंड निरोगी गाडीचेही काळपट दिसते. नुसते ते बघून मिश्रण कमी करणारा माणूस ५० वर्षांपूर्वीच्या डोळ्यांनी बघतो आहे. आणि आता २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, कारण ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. म्हणजे जुन्या सेटिंगवर हेच इंजिन सुमारे ८ टक्के पातळ मिश्रणावर चालते. इथे नट किंचित खाली घेणे योग्यच आहे, पण प्लग बघून. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा आणि गंज सोडवून फ्लोटच्या सुईखाली आणून ठेवते. सुई बसत नाही, कार्बोरेटर ओसंडतो आणि प्लग काळे होतात. जुने रबरही ते खाते. आणि ते पाणी ओढते. आपल्या चार महिन्यांच्या पावसात अंगणात ताडपत्रीखाली उभ्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत ऑक्टोबरमध्ये काय निघते ते ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. मृगाआधी ती वाटी रिकामी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. गाडी वर्षभर उभी. महिन्यातून एकदा चालकाला सांगून 'स्टार्ट करून ठेवायची', चोक ओढून, पाच मिनिटे, गेटच्या आतच. मग लग्नात नवरा-नवरीसाठी फुलांनी मढवून वाजंत्र्यांच्या मागे पावला-पावलाने. मग रॅलीत पोलिसांच्या जीपमागे रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. इंजिन कधी तापतच नाही. काजळीचा तिसरा मार्ग वर सांगितला, तो हाच. गाडीची आपण पालखी करून टाकली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी त्यात भरच घातली. ५० वर्षांवरच्या गाडीने विंटेज म्हणून नोंदणी घेतली की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण इंजिन हे चालण्यासाठी केलेले असते. दुरुस्तीनंतरची चाचणी ही दुरुस्तीचाच भाग आहे, आणि ती आपल्या गाड्यांना मनापासून, लांबवर द्यायला हवी.

"पार्ट मिळत नाहीत हो," हे शेवटचे रडगाणे. एसयूच्या सुया, जेट, गॅस्केट इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात आणि घरपोच येतात. सिलिंडर बोअर करायला, क्रँक घासायला चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर पिढीजात हात आहेत, आणि मराठीतून बोलतात. मारुतीचा कार्बोरेटर पट्टी ठोकून बसवणाऱ्या टॅक्सीवाल्याला मी नावे ठेवत नाही, त्याचे पोट त्यावर होते. पण लाखो रुपये क्रोम आणि चामड्यावर ओतणाऱ्याने तेच करावे आणि काचेवर 'ओरिजिनल' अशी पाटी लावावी, हा निर्लज्जपणा आहे.

रॅली भरवणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. मी पाहिलेल्या मेळाव्यांत परीक्षक रंग बघतात, गाद्या बघतात, चाकांच्या पांढऱ्या पट्ट्या बघतात, आणि इंजिन मिनिटभर सुरू करायला लावून टाळ्या वाजवतात. पुढच्या वेळी गाड्या आधी पणजीहून फोंड्यापर्यंत चालत येऊ द्या, ट्रकवर लादून नव्हे. येतील तशा एका रांगेत उभ्या करा, एका मेस्त्रीला खुर्ची द्या, हातात प्लगचा पाना द्या आणि प्रत्येक गाडीचे चारही प्लग तिच्याच बॉनेटवर मांडायला सांगा. बक्षिसाचे निम्मे गुण त्या चार प्लगांना. खुर्चीवर कोणाला बसवायचे याची पंचाईत असेल तर फोंड्याकडचा तो व्हरांडा मी दाखवतो, पण जरा लवकर विचारा.